दिखाऊ डाव आणि कामाचे डाव : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

स्वसंरक्षणाच्या वर्गात फिरून मारायची उंच लाथ शिकवावी की हनुवटीखाली बसणारा तळहाताचा साधा फटका, हा वाद आजचा वाटत असला तरी त्याची मुळे 19व्या शतकाच्या अखेरीपर्यंत जातात. 1882 मध्ये तोक्योत कोदोकान या ज्युदोच्या शाळेची स्थापना करणाऱ्या जिगोरो कानो यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील मर्मस्थानांवरचे प्रहार आणि तत्सम घातक डाव मोकळ्या लढतीच्या सरावातून वगळले आणि ते काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करावयाच्या संचांपुरतेच ठेवले. वरवर पाहता यामुळे कला बोथट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात उलटे घडले. जी फेक खऱ्याखुऱ्या विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज पूर्ण ताकदीने करून पाहता येत होती ती अंगात मुरली, आणि ज्या डावांच्या घातकतेचा बोलबाला होता ते नुसते गिरवले जात राहिले.

कराटेचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. आंको इतोसू यांनी 20व्या शतकाच्या आरंभी ते ओकिनावातील शाळांमध्ये नेले आणि विद्यार्थ्यांना झेपतील अशा सोप्या पिनान काता रचल्या. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवल्यानंतर ही कला जपानच्या विद्यापीठांत पसरली, पुढे तिच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि स्पर्धा आली की पंचांना स्पष्ट दिसेल अशा हालचालीचे मोल वाढते. 2000 पासून ऑलिम्पिकमध्ये अधिकृत खेळ म्हणून असलेल्या तायक्वांदोत आज धडावरच्या लाथेपेक्षा डोक्यावरच्या लाथेला जास्त गुण आहेत आणि ती फिरून मारली तर त्याहूनही जास्त. त्या नियमांत ती लाथ मुळीच दिखाऊ नाही. घोटाळा होतो तो तीच लाथ अंधाऱ्या जिन्यावर उपयोगी पडेल असे शिकवले जाते तेव्हा.

नेमकी उलटी निकड डब्ल्यू. ई. फेअरबर्न यांच्यापुढे होती. 1907 मध्ये शांघायच्या पोलीस दलात दाखल झालेल्या आणि स्वतः कोदोकानचा काळा पट्टा मिळवलेल्या या अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना शिकवले, तेव्हा हाताशी वेळ अगदी थोडा होता. म्हणून त्यांनी मोजकेच प्रहार निवडले. हनुवटीखालच्या फटक्यात कोपर वाकलेले आणि हात अंगालगत राहतो, तळहाताची टाच खालून वर जाते. हात मागे नेऊन झोका घेण्याची गरज नसते आणि छाती भिडलेली असतानाही तो बसतो. याउलट, प्रात्यक्षिकांत आवर्जून दाखवल्या जाणाऱ्या मनगटाच्या पिळात हल्लेखोर एकच ठोसा मारून हात तसाच पुढे धरून उभा राहतो, आणि बचाव करणारा त्यावर तीन-चार हालचाली सावकाश पार पाडतो.

1970च्या दशकात चित्रपटांनी पारडे पुन्हा चमकदार डावांकडे झुकवले. गंमत अशी, की पडद्यावर उंच लाथांसाठी गाजलेले ब्रूस ली प्रत्यक्ष शिकवताना ठरीव संचांवर टीका करत आणि नडगी-गुडघ्यावरच्या खालच्या लाथेवर भर देत. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरमध्ये झालेल्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांना आमनेसामने आणणाऱ्या स्पर्धेत, अंगकाठीने किरकोळ असलेल्या रॉयस ग्रेसी यांनी एकाच रात्री तीन लढती पकडींच्या जोरावर जिंकल्या आणि अनेक शैलींचे दावे उघडे पडले. मात्र तिथेही प्रतिस्पर्धी एकच, मध्यस्थ हजर आणि शस्त्र नाही, ही चौकट होतीच. ‘खरी लढाई’ म्हणून तिचा दाखला देणारे हे सहसा विसरतात.

कोणता डाव कामाचा, या प्रश्नाची मांडणीच बदलणारा पुरावा 2015 मध्ये कॅनडातून आला. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील 893 विद्यार्थिनींवर घेतलेल्या चाचणीत 12 तासांचे प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये वर्षभरात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्यांमध्ये 9.8 टक्के आढळले. त्या प्रशिक्षणाच्या चार भागांपैकी शारीरिक डावांचा समावेश एकातच होता. बाकीचा बराचसा वेळ धोका वेळीच ओळखणे आणि ओळखीच्याच पुरुषाला ठाम विरोध करताना आड येणारा संकोच मोडणे यांवर खर्च झाला होता.