ब्रेक दाबला की स्टिअरिंग का थरथरते?

गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे. ब्रेक हलकाच दाबला तरी स्टिअरिंग थरथरू लागते आणि वेग साठच्या खाली आला की थरथर विरून जाते. गॅरेजमधले निदान ठरलेले असते: डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी) बेंड झालीय, बदलून टाका. नवी डिस्क बसते, गाडी लोण्यासारखी थांबू लागते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते. याचे कारण असे, की बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच. तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते, आणि ती तशी होण्याचे मूळ अनेकदा डिस्कच्या मागे, हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावर असते.

आधी दोष ब्रेकचाच आहे ना, याची खात्री करा. ब्रेक न दाबताही त्या वेगाला गाडी हादरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग, फुगा आलेला टायर किंवा खड्ड्यात आपटून वाकलेली रिम तपासा. फक्त अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर हादरे येत असतील तर संशय ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटवर घ्यायचा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असतील तरच पुढचे वाचा. स्टिअरिंग हलते तेव्हा दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये असतो. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पेडल हलते तेव्हा मागच्या डिस्ककडे किंवा ड्रमकडे बघावे. हाताने ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीत याची खातरजमा करता येते. मोकळ्या, कोरड्या, सरळ जागी ताशी ४०च्या आसपास बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढा. तो बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा हादरे आले तर दोष मागे आहे. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर हा प्रयोग करू नका. आणि ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल जे धडधडते ते एबीएसचे (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) काम आहे, तो दोष नव्हे.

आता डिस्ककडे. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना सरकता कॅलिपर असतो, म्हणजे पिस्टनच्या जोराने दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कवर दाबणारा जबडा. डिस्क किंचित डोलत असली, तरी कॅलिपर तिच्याबरोबर आडवा सरकतो आणि पायाला काही कळत नाही. जाडीतला फरक मात्र लपत नाही. जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे रेटला जातो, ऑइलचा दाब वाढतो, ब्रेक क्षणभर जास्त लागतो. पातळ भाग आला की सुटतो. १८५/६५ आर १५ टायरचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर जाते, म्हणजे ताशी १००ला सेकंदाला साधारण १४-१५ फेरे. पुढचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांची स्वतःची थरथरण्याची लय याच आसपास असते, म्हणून हादरे त्या वेगाला सर्वांत जास्त जाणवतात. त्यासाठी फरक किती लागतो? ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर पुरतो. डोळ्याला किंवा बोटाला तो कळणे शक्य नाही.

डोलणे लगेच जाणवत नसले तरी पुढचा सगळा उपद्व्याप तेच करते. ब्रेक सुटलेला असतानाही डिस्कचा बाहेर आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर असे घासले की तेवढाच भाग पातळ होतो. नवी डिस्क काही महिन्यांनी बिघडते ती अशी. डोलण्याचे मूळ अनेकदा हबवरच्या गंजात असते. १४० मिलिमीटर व्यासाच्या हबवर एका कडेला ०.०५ मिलिमीटरचा गंजाचा पापुद्रा राहिला, तर २५५ मिलिमीटरच्या डिस्कच्या काठावर ते डोलणे ०.०९ मिलिमीटरपर्यंत जाते. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या गाड्यांचे हब तर खास तपासावेत. दुसरा गुन्हेगार म्हणजे टायरच्या दुकानातली हवेची गन. एक नट प्रचंड, दुसरा जेमतेम असे आवळले की डिस्क हबवर तिरपी दाबली जाते.

उष्णतेचाही वाटा असतो. १२०० किलोची गाडी ताशी १००वरून थांबवताना सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे ५०० मीटरचा. फक्त ब्रेकवर उतरलात तर साधारण अशा डझनभर थांबण्यांइतकी ऊर्जा डिस्कवर येते. म्हणून घाटात खालचा गिअर. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिले की पॅडमधले द्रव्य त्याच जागी डिस्कला चिकटते. तो डाग पुढे जास्त तापतो, आणि तापमान ६५०-७०० अंशांच्या पुढे गेले तर तिथल्या बिडात सिमेंटाइट हे कठीण संयुग तयार होते. आजूबाजूचा भाग झिजतो, हा झिजत नाही. लेथवर वरवर फेसिंग केले, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट केला, तरी कठीण भाग खाली शिल्लक राहतो आणि उंचवटा परत वर येतो.

दुरुस्तीची सुरुवात मोजण्यापासून. चाक काढून सगळे नट योग्य वॉशर लावून डिस्कवर परत बसवा आणि ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. नुसत्या सैल डिस्कचे माप खोटे येते. चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळी माप) डिस्कच्या काठापासून १० मिलिमीटर आत टेकवून एक फेरा द्या. डोलणे ०.०५ मिलिमीटरच्या आत हवे. काही कंपन्या ०.१०पर्यंत चालवून घेतात, पण आमच्या मते ती सूट न घेतलेली बरी. मग मायक्रोमीटरने तेवढ्याच अंतरावर आठ ठिकाणी जाडी मोजा. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ माप आले असेल तर फेसिंगवर पैसे घालवू नका, एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही डिस्क बदला.

डिस्क काढल्यावर हबचा चेहरा वायर ब्रश आणि एमरी पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करा, स्टडच्या (नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) बुडाशी असलेला गंज विशेषतः. डिस्कचा आतला चेहराही तसाच स्वच्छ हवा. बसवून पुन्हा मोजा. डोलणे जास्त असेल तर डिस्क एक-एक स्टड पुढे फिरवून सर्वांत कमी माप येते ती जागा धरा. तरीही उतरले नाही तर हब किंवा बेअरिंग बघायला हवे.

कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबू देऊ नका, तारेने बांधा. तो ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पिन किंवा पिस्टन अडकला आहे असे समजा. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायचे. साध्या ग्रीसने रबर फुगते. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. पिस्टन मागे ढकलताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, ते रंगावर सांडले तर रंग जातो.

चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोर जात, दोन टप्प्यांत आवळा. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा. हे राहिले तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ६०वरून १५पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट सोडा, पूर्ण थांबू नका. त्यानंतर पाच-सात मिनिटे ब्रेक न लावता चालवा. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो तो या वेळी.

एवढे करूनही थोडी थरथर उरली तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश (रबरी तुकडे), बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासा. झिजलेले बुश स्वतः हादरे निर्माण करत नाहीत, पण चांगल्या गाडीत जाणवणारही नाहीत असे हादरे ते स्टिअरिंगपर्यंत मोठे करून पोहोचवतात. शंभर किलोमीटर चालल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा एकदा बघून घ्या, आणि पुढच्या वेळी पंक्चर काढल्यावर गनने आवळलेले नट सैल करून रेंचने परत आवळायला सांगा.