'हूस', 'केन' आणि 'डीक' : स्कॉट्स शब्दांची कुळकथा

स्कॉटलंडच्या बोलभाषेत घराला 'हूस', उंदराला 'मूस' आणि गायीला 'कू' म्हणतात. इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे 'हाउस', 'माउस' आणि 'काउ' यांचे बिघडलेले उच्चार वाटतात, आणि तिथल्या शाळांतूनही पिढ्यान् पिढ्या मुलांची बोली याच समजुतीने सुधारली गेली. भाषाशास्त्राच्या कसोटीवर मात्र ही समजूत टिकत नाही. सातव्या शतकात अँगल लोकांनी नॉर्थम्ब्रियन ही जुनी इंग्रजी बोली आजच्या आग्नेय स्कॉटलंडमध्ये नेली आणि तिच्यापासून ही बोलभाषा, म्हणजे स्कॉट्स, घडली. प्रमाण इंग्रजी घडली ती इंग्लंडमधील अधिक दक्षिणेकडच्या बोलींतून. या दोन भगिनीभाषा आहेत, त्यामुळे एकीला दुसरीचे बिघडलेले रूप म्हणता येत नाही. २०२२च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे नोंदवले, आणि २०२५मध्ये स्कॉटिश संसदेने केलेल्या कायद्याने गेलिक या तिथल्या जुन्या केल्टिक भाषेबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला.

'हूस'चेच उदाहरण पाहू. जुन्या इंग्रजीत हे शब्द 'हूस' आणि 'मूस' असेच होते. म्हणजे दीर्घ 'ऊ' स्कॉट्सने जपला आणि बदल झाला तो दक्षिणेत. साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीतले दीर्घ स्वर एकापाठोपाठ एक आपल्या जागा सोडत गेले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला 'महास्वरांतर' अशा अर्थाचे नाव दिले. दक्षिणेत दीर्घ 'ओ' वर सरकून 'ऊ'च्या जागी आला, आणि मूळच्या 'ऊ'ला तिथून हटून 'आउ' व्हावे लागले. मग उत्तरेत तसे का झाले नाही? ऑस्ट्रियन भाषाशास्त्रज्ञ कार्ल लुईक यांनी दिलेले उत्तर मला ध्वनिविज्ञानातील सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटते. उत्तरेकडच्या बोलींत हा दीर्घ 'ओ' त्याआधीच, म्हणजे साधारण १३००च्या सुमारास, तोंडाच्या पुढच्या भागात सरकला होता. ओठ 'ओ'सारखे गोल ठेवून 'ए' म्हणून पाहिल्यास त्या नव्या स्वराची कल्पना येईल. हा 'ओ' जागेवरच नसल्यामुळे 'ऊ'ला ढकलणारे कोणी उरले नाही आणि 'हूस' तसाच राहिला. एका स्वराच्या आधीच्या हालचालीमुळे दुसरा स्वर शतकानुशतके स्थिर राहतो, ही गोष्ट उच्चारांतला बदल किती नियमबद्ध असतो हे दाखवते. शिवाय हा 'मूस' संस्कृतातील 'मूष' आणि आपल्या 'मूषक' या शब्दांचा सख्खा नातलग आहे, आणि त्यातला दीर्घ 'ऊ' दोन्हीकडे सारखाच टिकून आहे.

व्यंजनांबाबतही हेच दिसते. रात्रीला स्कॉट्समध्ये 'निख्त' आणि मुलीला 'दोख्तर' म्हणतात. यातला 'ख' उर्दूतल्या 'ख़बर'सारखा घशाशी घासून उच्चारायचा. प्रमाण इंग्रजीत हा ध्वनी बोलण्यातून नाहीसा झाला असून त्याची खूण फक्त स्पेलिंगमध्ये उरली आहे. 'नक्त' आणि 'दुहिता' हे संस्कृत शब्द याच कुळातले आहेत.

वारशाने आलेल्या या शब्दांखेरीज उसनवारीही भरपूर आहे. चर्चला 'कर्क' म्हणतात, पुलाला 'ब्रिग' म्हणतात. इंग्रजी 'च' आणि 'ज' यांच्या जागी आलेले हे 'क' आणि 'ग' स्कँडिनेव्हियन प्रभावाची ओळख आहेत. व्हायकिंग वसाहतींमुळे उत्तर इंग्लंडची बोली नॉर्स शब्दांनी भरली होती आणि बाराव्या शतकात स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने वसवलेल्या व्यापारी नगरांत तिथले लोक येऊन राहिले, तेव्हा त्यांच्याबरोबर ते शब्द आले. एडिंबरामधील 'काउगेट' आणि ग्लासगोमधील 'ट्रॉनगेट' या नावांतला 'गेट' नॉर्समधील 'गाता' म्हणजे रस्ता या शब्दापासून आला आहे. काउगेट हा गुरे हाकत नेण्याचा रस्ता होता. शहराच्या वेशीला तिथे 'पोर्ट' म्हणत, आणि सेंट अँड्र्यूज गावात 'वेस्ट पोर्ट' ही दगडी वेस अजून उभी आहे. इंग्लंडविरुद्ध १२९५मध्ये झालेल्या फ्रान्सशी मैत्रीच्या कराराने सुरू झालेल्या दीर्घ संबंधांतून मोठ्या थाळीला 'अॅशेट' आणि उगाच त्रास करून घेण्याला 'फॅश' हे शब्द रुळले. गेलिकमधून 'लॉख' म्हणजे सरोवर आणि 'ग्लेन' म्हणजे दरी हे शब्द आले. आज जगभर वापरला जाणारा 'स्लोगन' हा शब्दही गेलिकच आहे. त्याचा मूळ अर्थ सैन्याची आरोळी असा होता.

काही शब्दांचे अर्थ मात्र मूळ जागेपासून फार दूर गेले आहेत. 'वी' म्हणजे लहानसा, हा स्कॉटलंडमध्ये उठताबसता ऐकू येणारा शब्द मुळात वजन या अर्थाचा होता. 'थोडे वजन', म्हणजे थोडेसे, अशा प्रयोगातून 'थोडे' गळून पडले आणि त्याचा अर्थ एकट्या 'वी'ला चिकटला. पिरपिर पावसाच्या, करड्या, संपता न संपणाऱ्या दिवसाला 'ड्रीख' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी सोसणे, तग धरणे असा अर्थ आहे. लांबलेल्या कंटाळवाण्या प्रवचनालाही तो पूर्वी लावला जाई. मराठी वृत्तपत्रांच्या सिनेमाच्या पानावर रोज छापला जाणारा 'ग्लॅमर' हा शब्दही स्कॉट्सचाच. 'ग्रॅमर'मधील पहिल्या 'र'चा 'ल' होऊन तो तयार झाला. व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे सामान्यांना न कळणारे गूढ ज्ञान आणि गूढ ज्ञान म्हणजे नजरबंदी, अशी अर्थाची वाटचाल झाली, आणि स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनामुळे तो इंग्रजीभर पसरला.

आता मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटतील असे दोन शब्द. 'केन' म्हणजे जाणणे, आणि 'डीक' म्हणजे पाहणे. पहिल्यात आपल्याला ओळखीचे काही दिसत नाही, दुसऱ्यात 'देख' सरळ ऐकू येते. प्रत्यक्षात 'केन' हा 'जाणणे'चा हजारो वर्षांपूर्वीचा रक्ताचा नातलग आहे आणि 'डीक' हा अलीकडे उसना घेतलेला शब्द आहे. संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषा जिच्यापासून निघाल्या त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या एका विशिष्ट 'ग'चा संस्कृतात 'ज' झाला आणि इंग्रजी व स्कॉट्स ज्या शाखेच्या आहेत त्या जर्मानिक शाखेत 'क' झाला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये मांडलेल्या नियमात जर्मानिकमधला हा बदल येतो. म्हणूनच 'ज्ञा'समोर 'केन' येतो आणि 'जन'समोर सगेसोयरे या अर्थाचा 'किन'. ही जोडी पुन्हा पुन्हा जुळते, तेव्हा ते नाते सिद्ध होते. वरवरच्या साम्याला इथे काही किंमत नसते.

'डीक'च्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही. संस्कृत 'दृश्' आणि प्राकृत 'देक्ख' यांच्याशी तो जर वारशाने जोडलेला असता, तर जर्मानिक शाखेत आरंभीच्या 'द'चा 'त' झालेला दिसला असता, जसा 'दश'समोर 'टेन' येतो. हा 'द' शाबूत आहे, कारण हा शब्द रोमा लोकांच्या रोमानी भाषेतून आला. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. १५०५मध्ये राजा चौथा जेम्स याच्या खजिन्याच्या हिशेबात 'इजिप्शियन' लोकांना दिलेल्या रकमेची नोंद आहे. रोमा लोक इजिप्तमधून आले, असा त्या काळी समज होता. सीमाप्रदेशातील कर्क येथम हे गाव पुढे त्यांचे मोठे ठाणे झाले. तो सीमाप्रदेश आणि एडिंबरा यांच्या बोलीत चोरण्याला 'चोर' आणि पळ काढण्याला 'नॅश' म्हणतात. पहिला शब्द आपल्याला भाषांतराशिवाय कळतो. दुसऱ्यात संस्कृत 'नश्' आहे, आणि तोही वेदांत आढळणाऱ्या अर्थाच्या जवळ, म्हणजे दिसेनासे होणे. मराठीत याच धातूचे 'नासणे' झाले आणि ते दूध-फळांपुरते उरले, तर स्कॉटलंडच्या रस्त्यावरची मुले तो आजही पसार होण्यासाठीच वापरतात.