सोडियम पाण्यात फुटतं, पण कशानं?

"मावशी, हे बघ!" म्हणत दहावीतल्या भाच्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा तळ्यात कुणीतरी काहीतरी भिरकावतं, दोन सेकंद शांतता, मग पांढऱ्या धुराचा लोट आणि असा आवाज, की आतून ताई ओरडली, "आधी तो फोन बंद करा!" त्याची बोटं पुढच्या व्हिडिओकडे वळलीच होती. मी विचारलं, "फुटलं कशानं?" उत्तर तोंडपाठ होतं. "सोडियमची पाण्याशी अभिक्रिया होते, सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात, उष्णतेनं हायड्रोजन पेट घेतो. दोन मार्कांना येतं."

दोन्ही मार्क द्यायलाच हवेत. मीही परीक्षेत हेच लिहिलं होतं. पण हे उत्तर अपुरं आहे, आणि ते अपुरं आहे हे एका व्हिडिओमुळेच कळलं.

आमच्या शाळेत हा प्रयोग वर्षातून एकदा व्हायचा. सर रॉकेलच्या बाटलीतून चिमट्यानं सोडियमचा तुकडा काढायचे, टिपकागदावर टिपायचे आणि चाकूनं लोण्यासारखा कापायचे. कापलेली बाजू चांदीसारखी लखलखे आणि बघता बघता काळवंडून जाई. पुढचं मात्र मी कधीच पाहिलं नाही. मी शेवटच्या बाकावर, आणि पाण्याचं भांडं सरांच्या पाठीमागे. त्या तुकड्याची वितळून गोळी होते (सोडियम ९८ अंशांनाच वितळतं), ती पाण्यावर सुसाट पळते आणि पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली भेटली की गुलाबी होणारं दर्शक) घातलेलं असेल तर मागे गुलाबी रेघ सोडत जाते, हे मी धड पाहिलं ते खूप वर्षांनी, व्हिडिओतच. त्यामुळे व्हिडिओवर शिकवण्याला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. बालभारतीच्या पुस्तकात आता क्यूआर कोड असतो. शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही गोळी दिसते. सोडियम मुलांच्या हातात न देता दिसते, हे तर फारच बरं.

तर, ते अपुरं उत्तर. तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघा. तवा नुसता गरम असेल तर पाणी चर्रकन आटतं. तवा फारच तापला असेल तर थेंब आटायच्या ऐवजी नाचायला लागतो, कारण थेंब आणि तवा यांच्यामध्ये वाफेची गादी तयार होते आणि थेंब तव्याला टेकतच नाही. आता सोडियमचं बघा. ते पाण्याला टेकलं की हायड्रोजन सुटणार, वाफ होणार. या दोन्हींची गादी धातू आणि पाण्याच्या मधे यायला हवी. दोघांची गाठच पडली नाही तर अभिक्रिया मंदावायला हवी. म्हणजे पुस्तकातलं कारण खरं मानलं, तर सोडियमनं स्वतःच स्वतःची आग विझवायला हवी. ते तर फुटतं!

प्रागमधल्या चेक विज्ञान अकादमीतले पावेल युंगविर्थ आणि फिलिप मेसन (हे मेसन यूट्यूबवर विज्ञानाचे व्हिडिओही करतात) यांनी २०१५ साली यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. सोडियमच्या घट्ट तुकड्यावर साय धरते, त्यामुळे कधी तो फुटतो, कधी नुसताच फुसफुसतो. म्हणून त्यांनी सोडियम आणि पोटॅशियमचं संमिश्र घेतलं. ते साध्या तापमानाला पाऱ्यासारखं पातळ असतं. त्याचा एक थेंब पाण्यात सोडायचा आणि सेकंदाला हजारो चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यानं टिपायचा.

आपल्या मोबाइलवरचा व्हिडिओ साधारणपणे सेकंदाला २५-३० चित्रांचा असतो. दोन चित्रांमध्ये ३०-४० मिलिसेकंदांची फट. खरी गोष्ट घडते ती एका मिलिसेकंदाच्याही आत, म्हणजे त्या फटीत. भाचा दहा वेळा बघो की शंभर वेळा, त्याला आधीचं दिसतं आणि नंतरचं दिसतं. मधलं त्या व्हिडिओत नाहीच.

वेगवान कॅमेऱ्यात मधलं दिसलं. थेंब पाण्याला टेकताक्षणी त्यातून धातूचे काटे फुटले, साळिंदरानं पिसारावं तसे. हायड्रोजन पेटायच्या कितीतरी आधी. याचं कारण असं. या धातूंच्या अणूला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन नकोसा झालेला असतो. पाणी भेटलं की पृष्ठभागावरचे अणू तो पाण्यात टाकून मोकळे होतात, तेही काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). मागे उरतात धनप्रभारित आयन, एकमेकांना चिकटून. आणि सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. थेंबाला गोल बांधून ठेवतो तो पृष्ठताण, त्याला फाडू बघतो तो प्रभार. अशा ओढाताणीचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८८२ मध्येच मांडून ठेवलंय: प्रभाराचा वर्ग हा पृष्ठताण गुणिले त्रिज्येचा घन याच्या एका ठरावीक पटीपलीकडे गेला, की थेंब गोल राहू शकत नाही. (हे वाक्य डोक्यावरून गेलं असेल तर जाऊ द्या, काटे तेवढे लक्षात ठेवा.) काटे फुटले की धातूचा नवा, कोरा पृष्ठभाग पाण्याला भिडतो. मग वाफेच्या गादीला मधे यायला सवडच मिळत नाही. याला कुलोम स्फोट म्हणतात. हायड्रोजन तयार होतो, पेटतोही, पण त्याच्या आधी ही सगळी धांदल उरकलेली असते.

आता व्हिडिओची दुसरी बाजू. आवर्तसारणीत सोडियमच्या गणात, म्हणजे उभ्या रांगेत, खाली खाली जावं तशी अभिक्रियाशीलता वाढते, हे पुस्तकात असतं. त्यावरून बघणाऱ्यांना वाटतं, की सोडियमचा एवढा आवाज तर त्याच रांगेत खाली असलेल्या सिझियमचा केवढा! २००० नंतरच्या दशकात 'ब्रेनिअ‍ॅक' नावाच्या एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमानं न्हाणीच्या टबात रुबिडियम आणि सिझियम टाकून टबाच्या ठिकऱ्या उडालेल्या दाखवल्या. पुढे उघड झालं, की खरा प्रयोग फिका पडला म्हणून खाली स्फोटकं लावली होती. फिका पडणारच. सिझियमचा अणू सोडियमच्या जवळपास सहापट जड, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या तुकड्यात अणू सहाव्या हिश्शाइतके, आणि हायड्रोजनही तेवढाच कमी. शिवाय ते तरंगत नाही, बुडतं. अभिक्रिया जोरात होणं म्हणजे आवाज मोठा होणं नव्हे, हा केवढा छान धडा होता. तो त्यांनी सुरुंगानं उडवला.

आपल्याकडच्या बुवांना हे कसब फार आधीपासून येतं. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवायचा, मंत्र पुटपुटत पाणी शिंपडायचं, नारळ पेटला की 'करणी निघाली' म्हणायचं आणि दक्षिणा घ्यायची. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हाच नारळ पेटवून दाखवतात आणि मग शेंडी उलगडून दाखवतात. टीव्हीवाल्यांनी शेंडी उलगडली नाही, एवढाच फरक.

म्हणून मी भाच्याला व्हिडिओ दाखवते तेव्हा अंगठा थांबवायच्या बटणावर असतो. तुकडा हवेत असतानाच थांबवायचा आणि विचारायचं, आता काय होईल? बोल, मग पुढे. आणि फुसका निघालेला एक व्हिडिओ मुद्दाम दाखवायचा, त्यावर जास्त बोलणं होतं. एक गोष्ट मात्र पडद्यावर भागत नाही. चुनकळी पाण्यात घातल्यावर डबा बाहेरून चटका देईल इतका तापतो, ते हातालाच कळावं लागतं.

त्या दिवशी शेवटी मी त्याला प्रागच्याच गटाचा २०२१ मधला प्रयोग दाखवला. त्याच संमिश्राचा थेंब, पण निर्वात कुपीत, आणि पाणी नुसत्या वाफेच्या रूपात, अगदी थोडं. थेंबावर पाण्याचा पातळ थर बसतो, इलेक्ट्रॉन त्यात उतरतात आणि ते पाणी काही सेकंद सोन्यासारखं चमकतं. पाणी, धातूसारखं. मी बटण दाबलं नव्हतं, पण भाच्यानं स्वतःच दाबलं. सोनेरी थेंब पडद्यावर थिजला.

"मावशी, हा का नाही फुटला?"