जोनिदान 48 ते योकोझुना: तेरुनोफुजीच्या परतीची पार्श्वभूमी

जुलै 2021 मध्ये तेरुनोफुजी हारुओ सुमोचा 73वा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल, झाला. त्याच्या 28 महिने आधी, मार्च 2019 मध्ये, तो खालून दुसऱ्या वर्गात, म्हणजे जोनिदानमध्ये, 48व्या क्रमांकावर लढत होता. एकेकाळी ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालोखालचा मल्ल, असलेला कुणी त्याआधी इतका खाली गेला नव्हता. ही जिद्दीची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण तो इतका खाली का गेला आणि वर कसा आला, हे सुमोच्या क्रमवारीचे नियम पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

या क्रमवारीला बान्झुके म्हणतात. तिच्यात सहा वर्ग आहेत. खालून मोजले तर जोनोकुची, जोनिदान, सांदान्मे, माकुशिता, ज्युर्यो आणि सर्वांत वर माकुउची. माकुउचीत 42 मल्ल असतात आणि त्यांच्यातही मायेगाशिरा, कोमुसुबी, सेकिवाके, ओझेकी, योकोझुना अशी चढण असते. वर्षात सहा स्पर्धा होतात, विषम महिन्यांत: टोकियोत तीन, ओसाका, नागोया आणि फुकुओका इथे एकेक. वरच्या दोन वर्गांना 15 दिवसांत रोज एक अशा 15 कुस्त्या असतात, खालच्या चार वर्गांना त्याच 15 दिवसांत फक्त सात. प्रत्येक स्पर्धेनंतर बान्झुके नव्याने लागते. निम्म्याहून जास्त कुस्त्या जिंकल्या की वर, नाही तर खाली.

खरी भिंत ज्युर्यो आणि माकुशिता यांच्यामध्ये आहे. ज्युर्योपासून वरच्यांनाच पगार मिळतो: ज्युर्योत महिन्याला सुमारे 11 लाख येन, ओझेकीला सुमारे 25 लाख. भिंतीखाली पगार नाही, स्पर्धेगणिक थोडा भत्ता तेवढा मिळतो. स्वतंत्र खोली जाते, सेवेला असलेली पोरे जातात, स्पर्धेतला रेशमी मावाशी, म्हणजे कमरेचा पट्टा, जाऊन काळा सुती पट्टा येतो. जोनिदानातला मल्ल थंडीतही सुती युकाता, म्हणजे पातळ झगा, आणि गेता, म्हणजे लाकडी खडावा, घालून फिरतो. मुख्य कुस्त्या संध्याकाळी होतात, त्याची मात्र सकाळी, प्रेक्षागृह रिकामे असताना.

तेरुनोफुजीचा जन्म 1991 मध्ये मंगोलियातल्या उलानबातारचा. तोत्तोरी जोहोकू या शाळेच्या सुमो संघात खेळण्यासाठी तो जपानला आला. शाळा सोडून तो मागाकी तालमीत दाखल झाला आणि 2011 मध्ये स्पर्धेत उतरला, वाकामिशो या नावाने. (सुमोत तालमीला हेया आणि वस्तादाला ओयाकाता म्हणतात, आपल्याकडच्या तालमीची कल्पना असलेल्याला हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.) तिथे मल्ल मोजकेच होते. सुमोत माणूस वाढतो तो रोजच्या सरावात आपल्याहून भारी जोडीदाराशी भिडून, आणि असा जोडीदारच नसेल तर नुसत्या ताकदीवर एका टप्प्यापलीकडे जाता येत नाही.

मार्च 2013 नंतर मागाकी तालीम बंद पडली आणि तिचे मल्ल इसेगाहामा तालमीत गेले. वरवर पाहता हा धक्काच होता, पण त्याच्यासाठी तीच मोठी संधी ठरली. एका तालमीत परदेशात जन्मलेला एकच मल्ल असा नियम आहे आणि इसेगाहामात मंगोलियाचा योकोझुना हारुमाफुजी आधीच होता. तालमी एकत्र झाल्या म्हणूनच दोघांना एका छपराखाली राहता आले. वस्ताद होते 63वे योकोझुना आसाहिफुजी. पुढच्याच सप्टेंबरात तेरुनोफुजी ज्युर्योत चढला आणि पहिल्याच स्पर्धेत त्या वर्गाचे विजेतेपद घेऊन गेला. मे 2015 मध्ये सेकिवाके असताना 12-3, म्हणजे 12 विजय आणि 3 पराभव, अशा कामगिरीवर त्याने सर्वोच्च वर्गाची पहिली स्पर्धा जिंकली. ओझेकीपदासाठी तीन स्पर्धांत मिळून साधारण 33 विजय लागतात. त्याचे 8, 13 आणि 12 मिळून नेमके 33 भरले.

त्याच्या तेव्हाच्या कुस्तीतच पुढच्या दुखापतीचे बीज होते. उंची 192 सेंटीमीटर, ताकद अफाट. समोरच्याला अंगावर येऊ द्यायचे, त्याचे दोन्ही हात बाहेरून काखेत जखडायचे आणि कमरेतून मागे वाकून त्याला उचलून बाहेर ठेवायचे. डाव डोळ्यांत भरणारा, पण दीडशे किलोंचा विरोधक छातीशी असताना मागे रेललेल्या शरीराचा सगळा भार गुडघ्यावर येतो, त्यात पाय कडेच्या गवती बांधाशी अडकलेले. दोह्यो, म्हणजे कुस्तीचे वर्तुळ, 4.55 मीटर व्यासाचे, मातीचा चौथरा उंच, त्यामुळे कडेला तोल गेला की दोन गडी एकमेकांवर खाली कोसळतात.

सप्टेंबर 2015 मध्ये सलग 11 कुस्त्या जिंकल्यावर 13व्या दिवशी ओझेकी किसेनोसातोविरुद्ध त्याचा उजवा गुडघा गेला. लिगामेंट आणि कूर्चा, दोन्ही. तरी तो लढत राहिला आणि विजेतेपदाची बरोबरी सोडवणारी जादा कुस्ती योकोझुना काकुर्यूकडून हरला. त्यानंतरची दोन वर्षे वाचतानाही त्रास होतो. ओझेकीने आठपेक्षा कमी कुस्त्या जिंकल्या तर तो कादोबान, म्हणजे धोक्याच्या रेषेवर, येतो. लागोपाठ दुसऱ्यांदा तेच झाले की पद जाते. मे 2016 मध्ये 2-13, जुलैत 8-7, सप्टेंबरात 4-11, नोव्हेंबरात 8-7, जानेवारी 2017 मध्ये 4-11. एक स्पर्धा पद धोक्यात घालणारी, पुढची ते जेमतेम वाचवणारी. मार्च 2017 मध्ये 14 दिवसांत 13-1 करून विजेतेपद हातात आले होते. शेवटच्या दिवशी जखमी किसेनोसातोविरुद्ध नेहमीची आणि बरोबरी झाल्यास जादा, अशा दोनपैकी एक कुस्ती जिंकणे पुरेसे होते. तो दोन्ही हरला.

इथे एक प्रश्न साहजिक आहे: गुडघा बरा होईपर्यंत तो थांबला का नाही? 1972 ते 2003 या काळात स्पर्धेत दुखावलेल्या मल्लाला पुढची स्पर्धा चुकवूनही क्रमांक राखता येई. सवलतीचा गैरवापर होतो म्हणून ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून गैरहजेरी म्हणजे पराभव. लिगामेंटला महिनोन्‌महिने लागतात आणि बान्झुके दर दोन महिन्यांनी बदलते. त्यामुळे मल्ल अर्धवट बरा होऊन दोह्योवर चढतो, पुन्हा दुखावतो आणि शेवटी क्रमांक आणि गुडघा दोन्ही गमावतो. हा नियम आजही मल्लांची वर्षे खातो आहे, असे आमचे मत आहे.

सप्टेंबर 2017 मध्ये ओझेकीपद गेले. गेलेले पद लगेच पुढच्या स्पर्धेत 10 विजय मिळवून परत घेता येते, पण नोव्हेंबरातही त्याला माघार घ्यावी लागली. जानेवारी 2018 मध्ये मधुमेहाने गाठले, यकृताच्या आजाराची भर पडली. मे 2018 मध्ये ज्युर्योत एकही विजय नाही. जूनमध्ये गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. निवृत्त होतो, असे त्याने वस्तादांना एकदा नाही, अनेकदा सांगितले. वस्तादांनी दरवेळी नकार दिला: आधी शरीर बरे कर, मग बोलू. मग जुलै 2018 ते जानेवारी 2019 अशा सलग चार स्पर्धा त्याने पूर्ण सोडल्या. पगाराची भिंत आधीच मागे पडली होती, म्हणून घसरगुंडीला घाबरण्यासारखे फारसे उरले नव्हते. पण त्यालाही मर्यादा होती. जोनोकुचीतही गैरहजर राहिले तर नाव बान्झुकेवरूनच जाते. मार्च 2019 मध्ये परतणे म्हणूनच भाग होते. दारू त्याने सोडली होती.

खालच्या वर्गांत गुडघ्याच्या फायद्याची एक गोष्ट होती: सात कुस्त्या, साधारण एक दिवसाआड. सूज उतरायला वेळ मिळतो. पण समान गुणांचे मल्ल एकमेकांसमोर येतात, त्यामुळे जिंकत गेलात तर कुस्त्या अवघडच होत जातात. पहिल्या स्पर्धेत तो 7-0 राहिला आणि विजेतेपदाची जादा कुस्ती रोगा नावाच्या मल्लाकडून हरला. मेमध्ये सांदान्मेत 6-1. जुलैत माकुशिता 59 वर 6-1, सप्टेंबरात 27 वर पुन्हा 6-1, आणि नोव्हेंबरात 10 वर 7-0. माकुशितात पहिल्या 15 क्रमांकांत असताना सातही जिंकल्या की ज्युर्यो नक्की. एका वर्षात 35 पैकी 32 विजय.

खरी कसोटी जानेवारी 2020 ची होती, कारण तिथे पुन्हा सलग 15 दिवस लढायचे होते. ज्युर्यो 13 वर त्याने 13-2 करून वर्ग जिंकला. मार्चमध्ये 10-5. मे 2020 ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली. जुलैमध्ये मायेगाशिरा 17 वर, म्हणजे माकुउचीच्या जवळजवळ तळाशी, उतरून त्याने 13-2 अशी स्पर्धा जिंकली. 13व्या दिवशी ओझेकी आसानोयामाला, शेवटच्या दिवशी सेकिवाके मिताकेउमीला हरवले. दोन विजेतेपदांत पाच वर्षे दोन महिन्यांचे अंतर.

आता कुस्ती वेगळी होती. पहिल्या टकरीत खाली राहून पुढे पाऊल, पट्ट्यावर पकड, मग विरोधकाला घाई न करता दाबत नेणे. मागे रेलून उचलणे कमी झाले. हात जखडण्याचा जुना डाव राहिला, पण पुढे चालत. कधी थांबायचे हेही तो शिकला होता. सप्टेंबर 2020 मध्ये आठ विजय पूर्ण झाल्यावर, गुडघा बोलू लागताच, त्याने 14व्या दिवशी माघार घेतली. 2016 मध्ये तो लढत राहिला असता.

पुढे नोव्हेंबर 2020 ते मार्च 2021 मध्ये 13, 11 आणि 12 असे 36 विजय, मार्चचे विजेतेपद आणि ओझेकीपद परत. पद गेल्यावर लगेचच्या 10 विजयांच्या सवलतीने नव्हे, तर पूर्ण निकष नव्याने पार करून परतणारा त्याआधी फक्त काइकेत्सु होता, 1970 च्या दशकात. मेमध्ये पुन्हा विजेता. जुलैत 14-0 असताना शेवटच्या दिवशी तितक्याच अपराजित योकोझुना हाकुहोकडून हरला, पण 14-1 योकोझुनापदाला पुरेसे ठरले.

योकोझुना खाली घसरत नाही, त्याला फक्त निवृत्त व्हावे लागते. म्हणजे ज्या गैरहजेरीने त्याला जोनिदानात नेले, तिची आता क्रमांकात शिक्षा नव्हती. गुडघे शेवटपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले, स्पर्धा वारंवार सुटलेल्या, तरी नोव्हेंबर 2021 मध्ये 15-0 आणि जुलै 2024 मध्ये दहावे विजेतेपद. जानेवारी 2025 मध्ये तो निवृत्त झाला. ऑगस्ट 2021 मध्ये जपानी नागरिकत्व घेतल्यामुळे वस्ताद होण्याचा मार्ग खुला होता, आणि जून 2025 मध्ये इसेगाहामा तालीम त्याच्या हाती आली.