प्रारूप विकास आराखड्यावर हरकत: मुदत कधीपासून मोजायची आणि सातबारा नसेल तर काय करायचे

नगरपरिषदेने प्रारूप विकास आराखडा, म्हणजे गावात रस्ते, बगीचे आणि वस्ती कुठे असावी हे दाखवणारा कच्चा नकाशा, प्रसिद्ध केला की पहिले आठ-दहा दिवस त्याची चर्चा चहाच्या टपरीवर होते आणि पुढचे पंधरा दिवस नगरसेवकाच्या ओट्यावर. माणसे लेखी हरकत घेऊन नगरपरिषदेत पोचतात तेव्हा मुदत संपायला दोन दिवस राहिलेले असतात, किंवा ती संपून गेलेली असते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशा हरकती लिहून देण्याचे काम मी करतो. निकामी ठरलेल्या हरकतींतला मुद्दा खोटा होता, असे मला क्वचितच आढळले आहे. कागद उशिरा पोचलेला असतो, नाहीतर तो नकाशावरच्या नेमक्या कोणत्या जागेबद्दल आहे हेच सुनावणी घेणाऱ्या समितीला कळत नाही.

आधी मुदतीचे पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 प्रमाणे आराखडा तयार झाल्याची सूचना शासन राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत दिली जाते, आणि नगरपरिषदेच्या गावांसाठी हरकतीची मुदत राजपत्रातील सूचनेच्या तारखेपासून 30 दिवसांची असते. गफलत इथेच होते. राजपत्रात सूचना 3 जुलैला आली आणि वर्तमानपत्रात जाहिरात 11 जुलैला छापून आली, तर कात्रण खिशात ठेवून 10 ऑगस्टपर्यंत वेळ आहे असे समजणारा माणूस आठ दिवस आधीच बाद झालेला असतो, कारण तीस दिवस 2 ऑगस्टलाच भरतात. ‘एक महिना’ आणि ‘तीस दिवस’ हेही एक नव्हे. जाहिरातीच्या बारीक अक्षरांत राजपत्राची तारीख शोधावी, ती सापडत नसेल तर नगरपरिषदेच्या सूचना फलकावरची प्रत वाचावी, आणि शेवटचा दिवस सुटीचा असला तरी दुसऱ्या दिवशी घेतील या भरवशावर राहू नये.

हरकत कोणाला घेता येते, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात एका शब्दात आहे: कोणालाही. कलम 28 मध्ये लेखी हरकत किंवा सूचना देणारी ‘कोणतीही व्यक्ती’ एवढेच म्हटले आहे. मालकी लागत नाही. भाडेकरू, आठवडी बाजारात पाल मांडणारा विक्रेता, ज्याची मुले शाळेसाठी ठरावीक रस्त्याने जातात तो पालक, असे सगळेच हरकत देऊ शकतात, आणि त्यासाठी शुल्क नाही. तरीही खिडकीवरचा कर्मचारी “सातबारा आणा, मग घेतो” असे म्हणतो तेव्हा माणसे निमूटपणे घरी परततात.

मागच्या खेपेला गावाच्या कडेच्या वस्तीतल्या एक बाई या एका वाक्यापायी तीनदा परत आल्या. त्यांचा वीस बाय तीस फुटांचा प्लॉट बॉण्ड पेपरवर घेतलेला होता, सातबारा अजून मूळ शेतकऱ्याच्या वारसांच्या नावावर होता आणि तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीच्या लहान तुकड्यांच्या व्यवहारावरील बंदीमुळे, त्यांची स्वतंत्र नोंद कधी झालीच नव्हती. थोडक्यात, मागितलेला कागद त्यांच्याकडे असणे शक्यच नव्हते. अशा वेळी कर्मचाऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. अर्ज आवक विभागात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि नाकारलाच तर त्याच दिवशी पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवावा. सोबत बॉण्ड पेपरची झेरॉक्स, नगरपरिषदेच्या कर आकारणीचा उतारा, चालू वर्षाची कर पावती, वीजबिल आणि ओळखपत्र जोडले की तुम्ही तिथे राहता आणि आराखड्याची झळ तुम्हाला बसते, एवढे पुरेसे दिसते.

मात्र हरकत नोंदवल्याने प्लॉट नियमित होत नाही. ती वाट 2001 च्या गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) अधिनियमाची आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला ती खुली झाली. दोन्ही अर्ज वेगळे आहेत. एकात दुसरा मिसळला की दोन्ही फायली अडकतात.

वेशीच्या आतल्या जुन्या घरांचा प्रश्न निराळा आहे. तिथे पणजोबाचा दस्त निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला, आणि तो वाचणारे घरात कोणी उरलेले नाही. कोणीतरी सल्ला देतो की भाषांतर करून आणा, 1954-55 चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढा. पुढे भूसंपादन झाले आणि मोबदल्याचा वाद निघाला तर ही कागदपत्रे लागतील. हरकतीच्या तीस दिवसांत त्यांच्यामागे धावणे म्हणजे मुदत हातची घालवणे आहे. मालमत्ता पत्रक असेल तर ते जोडावे, नसेल तर कर उतारा जोडावा.

आता नकाशा. प्लॉट येलोत (राहण्याच्या पट्ट्यात) आहे की ग्रीनमध्ये (शेतीच्या), एवढेच पाहून लोक निघून जातात. फलकावरच्या नकाशाचे प्रमाण 1:5000 असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. त्या बाईंचे घर या नकाशावर दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तिळाएवढे भरते, आणि 12 मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता जवळजवळ अडीच मिलिमीटरचा. घरापेक्षा रस्त्याची रेघच जाड! मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून घर वाचले की गेले हे सांगताच येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपल्या गट क्रमांकाचा किंवा सिटी सर्व्हे क्रमांकाचा भाग नकाशा अर्ज करून घ्यावा. रस्ता सध्याच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना सारखा वाढवला आहे की सगळी वाढ एकाच बाजूला टाकली आहे, हे त्यावर पट्टी ठेवून मोजावे. सहा मीटरच्या गल्लीचे बारा मीटर करताना दोन्हीकडून तीन-तीन मीटर घेणे आणि एकाच ओळीतून सहा मीटर घेणे यांत एका ओळीच्या घरादाराचा फरक असतो.

याहूनही महत्त्वाचा, पण फारसा कोणी न उघडणारा नकाशा म्हणजे कलम 25 खालचा विद्यमान जमीन वापर नकाशा. आराखडा करण्याआधी सर्वेक्षण करून आज जमिनीवर काय आहे ते त्यात दाखवायचे असते. नांदती वस्ती त्यात मोकळी जागा म्हणून दाखवली गेली आणि त्या ‘मोकळ्या’ जागेवर बगीच्याचे आरक्षण पडले, म्हणजे ती बगीच्यासाठी राखून ठेवली गेली, तर हरकतीचा सर्वांत बळकट मुद्दा तोच आहे. वस्तीतल्या घरांच्या त्या सर्वेक्षणाआधीच्या कर पावत्या आणि वीजबिले तिथे वजनदार ठरतात.

अर्ज सूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याच्या नावे लिहावा. तो बहुधा मुख्याधिकारी असतो, पण आराखडा नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याने केला असेल तर पत्ता बदलतो. गट क्रमांक, आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक आणि नेमकी मागणी पहिल्याच परिच्छेदात यावी. “आमच्यावर अन्याय झाला आहे” या वाक्यावर समितीला काही करता येत नाही. “आरक्षण गट क्रमांक अमुकच्या पश्चिमेकडील पडीक भागात सरकवावे, तिथे रस्ता उपलब्ध आहे” या वाक्यावर करता येते. शेवटी समक्ष सुनावणीची मागणी लिहायला विसरू नये.

दोनशे सह्यांचे एकच निवेदन देण्याची आपल्याकडे हौस आहे. वर्तमानपत्रात त्याचा फोटो छान येतो, पण नोंदवहीत ती बहुधा एकच हरकत धरली जाते आणि सुनावणीची नोटीस पहिल्या सहीवाल्याच्या पत्त्यावर जाते. तो लग्नाला परभणीला गेला असला की दोनशे घरांची बाजू मांडायला कोणी नसते. निवेदन जरूर द्यावे, पण ज्यांचे घर प्रत्यक्ष रेषेखाली येते त्यांनी स्वतंत्र अर्ज करावा आणि आपला मोबाइल क्रमांक लिहावा.

सुनावणी कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढे होते. त्यात नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. वेळ थोडा मिळतो, म्हणून भाग नकाशा आणि आवक शिक्क्याची प्रत हातात ठेवून दोन मुद्दे बोलावेत आणि तेच लेखी द्यावेत. नंतर शासन आराखडा मंजूर करताना सारभूत (मोठे) फेरबदल करते तेव्हा तेवढ्या फेरबदलांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात; तिथे जुनी हरकत आपोआप चालत नाही, नवीन द्यावी लागते.

हे सगळे होऊनही आरक्षण कायम राहिले, तर “दहा वर्षांनी ते आपोआप उठते” या समजुतीवर विसंबून अनेक जण गप्प बसतात. कलम 127 प्रमाणे दहा वर्षे झाल्यावर मालकाने किंवा हितसंबंधिताने नोटीस बजावावी लागते, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. या नोटिशीसोबत जमिनीतला हक्क दाखवणारी कागदपत्रे खरोखरच लागतात, त्यामुळे सातबारा, वारस नोंद आणि त्या उर्दू दस्ताच्या भाषांतराचे काम त्या दहा वर्षांत उरकून घ्यावे.