पार्श्वभूमी : माहीत असलेले डोके, दिसणारे डोके

यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याचे, गणित फ्लॉरेन्समध्ये १४३५ च्या सुमारास ग्रंथबद्ध झाले. त्यात पाहणारा डोळा एकच, आणि तोही हलत नाही. पुढची चार शतके चित्रकारांना याची फारशी अडचण वाटली नाही. १८३९ मध्ये कॅमेरा जाहीर झाला आणि तसा एकाक्ष, निश्चल डोळा यंत्रालाच मिळाला. मग माणूस कसा पाहतो, हा प्रश्न चित्रकाराकडे उरला.

१८९९ मध्ये पॅरिसमधल्या एका चित्रविक्रेत्याला व्यक्तिचित्रासाठी शंभराहून अधिक वेळा बसावे लागले. तरीही हातावरचे दोन ठिपके कोरेच राहिले. तिथे चुकीचा रंग लागला तर सगळे चित्र पुन्हा करावे लागेल, असे चित्रकाराचे म्हणणे होते.

माहीत असलेले घडवावे की दिसणारे, यावरचा खरा वाद पेटला १९३५ मध्ये. पॅरिसमधल्या अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनातून कला घडवू पाहणाऱ्या, गटातला एक स्विस शिल्पकार तोवर स्वप्नातल्यासारख्या वस्तू घडवत होता. अचानक त्याने मॉडेल समोर बसवून डोके घडवायला घेतले. डोके कसे असते हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, असा गटाचा सूर होता. त्याला बाहेर काढण्यात आले. (बंडखोरांचेही सोवळे असतेच.) मॉडेलकडे वळण्याच्या त्याच्या निर्णयाला माघार म्हणण्याची पद्धत आहे. ती पटत नाही. ठाऊक असलेले बाजूला सारून समोरचे पाहायला बसणे हेच त्या काळातले जास्त धाडसाचे काम होते. १९४० पर्यंत तो रोज मॉडेलसमोर बसला आणि डोके त्याला अधिकाधिक अनोळखी होत गेले. नंतर आठवणीतून काम करताना आकृत्या आक्रसत काडेपेटीत मावण्याइतक्या झाल्या. अंतरावरचा माणूस तेवढाच दिसतो. त्याची उंची आपण माहितीतून भरून काढतो. युद्धानंतर आकृत्या उंच झाल्या, पण काटकुळ्या. १९६४ मध्ये एका अमेरिकी लेखकाचे चित्र करताना त्याने १८ बैठकांत चेहरा पुन्हा पुन्हा पुसला.

तोवर अमूर्ताचा, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या कलेचा, बोलबाला झाला होता आणि आकृती रंगवणारे जुनाट ठरत होते. १९७६ मध्ये लंडनला मानवाकृतीवर एक मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा हवा थोडी बदलली. माद्रिदमध्ये त्याच काळात एक वास्तववादी चित्रकार शहरातला एकच रस्ता रंगवत होता. पहाटेचा हवा तो प्रकाश जेमतेम अर्धा तास टिके, म्हणून १९७४ ला सुरू केलेले चित्र १९८१ पर्यंत चालले. १९९० च्या शरदात त्याने अंगणातले फळझाड घेतले. फळे खाली झुकत, तसतशा त्यांची जागा लक्षात ठेवण्यासाठी पानाफळांवर केलेल्या पांढऱ्या खुणा सरकत. ते रंगचित्र त्याने अर्ध्यावर सोडले.