पाल

पाल म्हणजे भिंतीवर, वाशावर, ट्यूबलाईटच्या मागे राहणारा छोटा सरपटणारा प्राणी. गोव्यात पाल नाही असं घर शोधून सापडणार नाही, मग ते फोंड्याकडचं मंगळुरी कौलांचं जुनं घर असो की पणजीतला नवा फ्लॅट. घरात दिसणाऱ्या पाली बहुतेक हेमिडॅक्टिलस या वंशातल्या असतात. दिवसा फटीत पडून राहायचं आणि दिवा लागला की बाहेर यायचं हा त्यांचा नेम, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून दिव्याभोवती पाखरं जमली की त्यांची चंगळ. डास, झुरळाची पिल्लं, वाळवीची पाखरं सगळं खातात, म्हणून माझं मत विचाराल तर पालीला झाडू घेऊन मारणं म्हणजे फुकट काम करणाऱ्याला हाकलणं आहे.

पाल भिंतीला चिकटते कशी? पूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं की पायाला गोंद असेल किंवा हवा ओढून धरणारी वाटी असेल, तर दोन्ही नाही. बोटांखालच्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात, प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो तंतूंत फुटलेलं, आणि हे तंतू भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूरेणूंमधलं ओढ लावणारं बल, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, तेच तिला धरून ठेवतं. एक केस किती जोर लावतो हे २००० साली टोके नावाच्या मोठ्या जातीच्या पालीवर मोजलं गेलं. कोरड्या टेफ्लॉनवर, म्हणजे नॉनस्टिक तव्याच्या लेपावर मात्र तिचे पाय टिकत नाहीत, आणि भिजलेल्या काचेवरही पकड ढिली पडते.

शेपूट तुटते ती अपघाताने नाही, पाल स्वतःच स्नायू आवळून ठरलेल्या जागी तोडते. तुटलेली शेपूट वळवळत राहते, मांजर तिच्याकडे बघत बसतं आणि पाल निसटते. नवी शेपूट येते पण आत हाडाऐवजी कूर्चा असते. पापण्या नाहीत म्हणून डोळे जिभेने चाटून साफ करते. अंडी दोन, पांढरी, कडक कवचाची. चवथीच्या आधी घर साफ करताना फोटोफ्रेमच्या मागे हमखास सापडतात. दीड-दोन महिन्यांत फुटतात, तोवर तिथेच राहू द्यावी.

पाल विषारी नसते. जेवणात पडली तर जेवण टाकून द्यायचं हे बरोबरच, पण कारण विष नाही, तिच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात.

आता कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न. इन्व्हर्टर, एसीचं बाहेरचं युनिट, राऊटर, यूपीएस अशी गरम राहणारी जागा पालीला आवडते, त्यात लाईटमुळे किडेही येतात, मग ती आत शिरते आणि तिचं अंग दोन पॉइंटना एकदम लागलं की शॉर्ट. आमच्याकडे ऐन पावसाळ्यात इन्व्हर्टर बंद पडला, उघडला तर बोर्डावर पाल सुकून चिकटलेली, ती बिचारी गेली आणि बोर्डही गेलं. मेन स्विच बंद करून वायर जाते तिथली फट बुजवावी, पण हवेची भोकं बुजवायची नाहीत, त्यांवर बारीक जाळी लावायची. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचात, असाच एक पतंग सापडला होता, तो त्यांनी नोंदवहीत टेपने चिकटवला. यंत्रातल्या बिघाडाला बग, म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याच्या आधीपासून इंजिनिअरांत होती, पण ही गोष्ट त्या शब्दाला कायमची जोडली गेली.

पाल चुकचुकली की आजही घरातली म्हातारी माणसं बोटाने टकटक करून कृष्ण कृष्ण म्हणतात, आणि अंगावर कुठे पडली तर काय फळ ते पंचांगात पल्लीपतनाखाली छापलेलं असतं. मराठीत मनात शंकेची पाल चुकचुकते तीही हीच. खरं तर तो आवाज म्हणजे ही जागा माझी असं दुसऱ्या पालीला सांगणं, नाहीतर जोडीदाराला हाक.

गोव्याच्या नावाचीही एक पाल आहे, निमॅस्पिस गोएन्सिस, १९७६ साली दक्षिण गोव्यातल्या काणकोणातून नोंदलेली. ती घरात येत नाही, जंगलात राहते, दिवसा फिरते, तिच्या डोळ्याची बाहुली गोल असते आणि बोटं बारीक, घरच्या पालीसारखी रुंद नाहीत.